मावळातील वसंत : एका वर्णनपरंपरेची भाषिक चिकित्सा

१

‘वसंत ऋतू’ हा मराठी शाळांतील निबंधाचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विषय आहे. त्याचा साचाही ठरलेला आहे. वसंत हा ऋतूंचा राजा होय. त्याच्या आगमनाने सृष्टी नवा साज लेते. शीतल वायू वाहू लागतो. उपवनात कोकिळ गाऊ लागतो. भ्रमर गुंजारव करतात. कार्ल्याच्या किंवा पवनानगरच्या शाळेतील विद्यार्थी वार्षिक परीक्षेच्या सुमारास हा निबंध लिहीत असतो, तेव्हा त्याच्या वर्गाबाहेर निराळेच दृश्य असते. डोंगराचे उतार वणव्याने काळे पडलेले असतात. त्या काळ्या उतारावर एकही पान नसलेला पांगारा लालभडक फुललेला असतो. खालच्या खाचरांतून राब भाजल्याचा धूर वर चढत असतो. ही तीनही दृश्ये त्या निबंधात येत नाहीत. विद्यार्थ्याने ती पाहिलेली नसतात असे नव्हे. राब भाजण्यास तो स्वतः घरच्यांबरोबर गेलेला असण्याचाही संभव आहे. परंतु वसंताविषयी लिहिण्याकरिता जी भाषा त्याच्या हाती देण्यात आली आहे, तीत या दृश्यांना जागाच नाही.

हा दोष विद्यार्थ्याचा मानून सोडून देता येत नाही. प्रौढ ललित लेखनातही तो वारंवार आढळतो. ऋतुवर्णन हा मराठी साहित्याचा एक संपन्न प्रांत समजला जातो. पण त्या संपन्नतेपैकी पाहिलेले किती आणि ऐकलेले किती, ही छाननी क्वचितच झाली आहे. अशी छाननी रसिकतेच्या बळावर करू गेल्यास ती व्यक्तिगत आवडीनिवडीवर येऊन थांबते. म्हणून येथे भाषेच्या अंगाने, म्हणजे मुख्यतः क्रियापदांच्या अंगाने ती करावयाची आहे. आणि तिचा आधार म्हणून एकच मर्यादित प्रदेश, लोणावळ्यापासून पूर्वेकडे उतरत जाणारा मावळ, घ्यावयाचा आहे.

२

मावळ हे नाव बरेच जुने आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन लेखांत ‘मामाल’ किंवा ‘मामाड’ असा जो प्रदेशनिर्देश येतो, तो मावळाचाच असल्याचे अभ्यासकांनी मानले आहे. लोकव्युत्पत्ती मात्र निराळी आहे. सूर्य जिकडे मावळतो तो मावळ, असे ती सांगते. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने पहिली उपपत्ती अधिक ग्राह्य होय. तथापि लोकव्युत्पत्तीही अगदी निरर्थक नाही. प्रदेशाला नाव देताना लोकांना क्रियापद सुचावे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आजचा मावळ तालुका आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशा खोऱ्यांत विभागलेला आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या धारेवर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर लोणावळा-खंडाळा वसले आहेत. तेथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. वडगाव-तळेगावकडे जावे तसतसा तो झपाट्याने कमी होतो. ऑक्टोबरनंतर जवळजवळ आठ महिने आकाश कोरडे असते. या एका वस्तुस्थितीने येथील वसंताचे स्वरूप ठरविले आहे. गवताला पाणी नसते म्हणून ते पिवळे पडते आणि जळते. झाडे मात्र, पाने टाकून देऊन व खोल मुळांच्या आधाराने, याच कोरड्या काळात फुलतात.

क्रम पाहू गेल्यास प्रारंभ चैत्राच्या कितीतरी आधी होतो. पौष-माघात आंब्याला मोहोर दिसू लागतो. काटेसावरीची पाने गळून पडतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या उघड्या फांद्यांवर जाड पाकळ्यांची लाल फुले बसतात. तिच्या मागोमाग पांगारा, त्याच्या मागोमाग पळस. करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी, सुवासिक फुले याच सुमारास येतात. मार्चमध्ये पिंपळाची तांब्याच्या रंगाची पालवी आणि कुसुंबाची लालसर पालवी दिसते. नवख्या माणसास कुसुंब दुरून फुललेलाच वाटतो. धारेवरच्या सदाहरित पट्ट्यात अंजनीच्या खोडा-फांद्यांवर जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके धरतात. जांभळाचा फुलोरा त्यानंतरचा, आणि बहाव्याचे पिवळे घोस त्याहूनही नंतरचे.

या क्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, येथे पानगळ आणि फुलोरा हे एकामागून एक येणारे दोन ऋतू नाहीत. ते एकाच झाडावर एकाच पंधरवड्यात घडतात. शिशिरात वृक्ष निष्पर्ण व्हावेत आणि मग वसंताने येऊन त्यांना संजीवन द्यावे, ही मांडणी सावरीला लावता येत नाही. सावर निष्पर्ण असते तेव्हाच फुललेली असते. किंबहुना पानांचा आडोसा नसल्यामुळेच तिची फुले साळुंक्या, बुलबुल आणि शिंजीर यांच्या दृष्टीस दुरून पडतात. दुसरी गोष्ट अशी की, येथील भूमी ‘जागी होण्याचा’ काळ हा नव्हेच. भूमी जागी होते ती मृगाच्या पावसाने. मावळात झाडांचा वसंत आणि गवताचा वसंत यांत तीन-चार महिन्यांचे अंतर पडते. एकाच शब्दात दोहोंना गुंडाळणारे वर्णन त्यामुळे आपोआपच सैल होते.

३

आता हा काळ मावळातील माणूस कसा बोलतो ते पाहावयाचे. ‘वसंत’ हा शब्द त्याला ठाऊक असतो. पण बहुधा तो एखाद्या माणसाचे नाव म्हणून. ऋतू म्हणून बोलीत तीनच शब्द राबतात : पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा. मराठीने पाऊस, हिव व ऊन यांच्यापासून आपले रोजचे शब्द घडविले. वसंत, शरद आणि शिशिर हे तत्सम रूपातच राहिले. त्यांना ‘-आळा’ लागला नाही. शब्द बोलीत मुरला की नाही याची ही साधी खूण आहे.

शब्द नाही म्हणून अनुभव नाही, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. अनुभव आहे, तो नामात न साठता क्रियापदांत साठला आहे. मोहोर, पालव, फूल, अंकुर या नामांपासून मोहोरणे, पालवणे, फुलणे, अंकुरणे ही क्रियापदे मराठीने सहज साधली. शिवाय प्रत्येक वनस्पतीच्या फुलण्याला वेगळा शब्द ठेवला. आंब्याला मोहोर येतो, उसाला तुरा येतो, भात निसवते, तोडलेल्या खोडाला धुमारे फुटतात. आंब्याला तुरा आला किंवा ऊस मोहोरला असे कोणी म्हणत नाही. पक्ष्यांच्या नावांतही हे निरीक्षण उतरले आहे. हिवाळ्यात परदेशातून थव्याने येणाऱ्या आणि पळस-सावरीच्या फुलोऱ्यावर गर्दी करणाऱ्या भोरडीला ‘पळसमैना’ हे दुसरे नाव मिळाले. त्या एका समासात पक्षी, झाड आणि ऋतू तिन्ही आले.

या दृष्टीने ‘बहर’ या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. फारसीतील ‘बहार’ म्हणजे वसंत ऋतू. मराठीत आल्यावर त्या शब्दाने ऋतूचा अर्थ जवळजवळ टाकून दिला आणि झाडाच्या अवस्थेचा अर्थ घेतला. झाडाला बहर येतो, झाड बहरते. फळबागाईतदार तर मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार असे एका वर्षात तीन बहार मोजतात. त्यांतील एकच काय तो वसंताच्या जवळपास पडतो. ऋतूचे नाव परभाषेतून घेऊन मराठीने ते झाडाच्या स्वाधीन केले, असे म्हणावयास हरकत नाही. बोलीचा कल यावरून उघड होतो. तिला ऋतू ही स्वतंत्र सत्ता वाटत नाही. झाडाला, मातीला, अंगाला जे होते तोच ऋतू.

वाक्यरचनेकडे वळल्यास हा कल अधिक नेमकेपणाने दाखविता येतो. वसंताच्या पहिल्या खुणा सांगणारी मराठी वाक्ये सामान्यतः चार प्रकारची असतात.

पहिला प्रकार : ‘उकडू लागले.’ येथे कर्ता नाही. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात मराठी क्रियापदांची जी तपशीलवार चिकित्सा केली, तिच्या परंपरेत अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात. उजाडले, सांजावले, गडगडते ही त्यांतलीच. मावळात वसंताची वार्ता सर्वप्रथम याच वाक्याने घरात येते. रात्रीची घोंगडी पायाशी सरते आणि कोणी तरी म्हणते, ‘आता उकडू लागलं.’

दुसरा प्रकार : ‘आंब्याला मोहोर आला.’ येथे झाड चतुर्थीत आहे. ताप येणे, भूक लागणे, झोप येणे यांच्या मालिकेतील हे वाक्य आहे. झाड येथे काही करीत नाही. त्याला काही तरी होते, आणि ते माणसाला होते त्याच व्याकरणाने होते.

तिसरा प्रकार : ‘पळस फुलला.’ येथे झाड कर्ता आहे, पण क्रिया अकर्मक आहे.

चौथा प्रकार : ‘वसंताने वने फुलविली.’ येथे ऋतू हा तृतीयेतील कर्ता झाला असून क्रियापद प्रयोजक झाले आहे. झाड कर्मस्थानी गेले आहे.

पहिले तीन प्रकार बोलीचे होत. चौथा जवळजवळ केवळ लेखनातच भेटतो. तो अशुद्ध नाही आणि काव्यात वर्ज्यही नाही. परंतु त्यात पाहणे संपलेले असते हे लक्षात घ्यावयास हवे. ‘आंब्याला मोहोर आला’ म्हणण्यास एक विशिष्ट आंबा पाहावा लागतो. ‘वसंताने वने फुलविली’ म्हणण्यास काहीच पाहावे लागत नाही. वसंत म्हणजे काय हे आधी ठाऊक असले म्हणजे पुरते. प्रयोजकाचा प्रत्यय लागला की साक्षीदार वाक्यातून बाहेर जातो, असा नियम सर्वत्र सांगता येणार नाही; पण ऋतुवर्णनाच्या परीक्षणात तो एक उपयुक्त कसोटी म्हणून खास वापरता येईल.

पहिल्या खुणांच्या वाक्यांत आणखी एक विशेष दिसतो. तो म्हणजे भूतकाळाचा. मराठीत भूतकाळ हा क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो, तसाच ती नुकतीच जाणवल्याचेही सांगतो. खोऱ्याच्या तोंडाशी सर दिसली की पवन मावळातील माणूस ‘पाऊस आला’ म्हणतो; अजून त्याच्या अंगावर थेंबही पडलेला नसतो. तद्वतच सबंध झाडावर दोनच मंजिऱ्या दिसल्या तरी ‘मोहोर आला’ असे म्हणतात. हा भूतकाळ घटनेचा नसून ओळख पटल्याचा आहे. पहिली खूण टिपण्याची सर्व कला या एका क्रियारूपात आहे. ‘मोहोर येत आहे’ असे पुस्तकी रूप योजल्यास ती ओळख पटल्याची चाहूल नाहीशी होते आणि उरते ते केवळ निवेदन.

४

मराठी ललित लेखनात चौथ्या प्रकारच्या वाक्याचे प्राबल्य का झाले, याचे सोपे उत्तर ‘संस्कृत काव्याचा प्रभाव’ असे देण्यात येते. ते अपुरे आहे. परंपरा ही जेथे जिवंत होती तेथे ती पाहण्याच्या आड आली नव्हती. हालाच्या नावावर मोडणाऱ्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील सर्वांत जुन्या संग्रहात, आंब्याचे अंकुर, पळसाची फुले, मोहाची फुले आणि फाल्गुनातील उत्सव ही सर्व येतात, पण ती कोणाच्या तरी संसाराला चिकटून येतात. प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीस आंब्याचा अंकुर दिसतो तो ऋतुराजाच्या वैभवाची खूण म्हणून नव्हे, तर मुदत संपत आल्याची खूण म्हणून. कार्ल्याचे लेख ज्या सातवाहनांच्या काळातले, त्यांच्याच एका राजाच्या नावाशी हा संग्रह जोडला गेला आहे. म्हणजे मावळातील वसंताला परंपरा हवीच असेल, तर ती अगदी घराजवळ आहे.

संस्कृत काव्यशास्त्रही या बाबतीत आंधळे नव्हते. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांचे विवेचन केले. कोकिळ ग्रीष्मादी इतर काळीही ओरडतो, तरी कवींनी त्याचा स्वर वसंतातच वर्णावा, असा संकेत तो नोंदवितो. येथे महत्त्वाचे आहे ते हे की, राजशेखराला वस्तुस्थिती ठाऊक आहे. तो संकेताला संकेत म्हणतो. वस्तुस्थिती एका बाजूस आणि काव्याची सोय दुसऱ्या बाजूस, असा हिशेब त्याने स्वच्छ मांडला आहे. ऋतूंच्या गणनेतही जुन्या ग्रंथकारांनी एकच एक मांडणी रेटली नाही. चैत्र-वैशाख हा वसंत, ही गणना रूढ असताही सुश्रुतसंहितेत दोषांच्या विचारासाठी फाल्गुन-चैत्र हा वसंत मानला आहे. आधुनिक मराठी निबंधकाराचा अपराध परंपरा पाळण्याचा नाही. परंपरेतील संकेत त्याने निरीक्षण समजून वापरला, हा तो अपराध होय.

त्यात एकोणिसाव्या शतकापासून दुसरी भर पडली. मुंबई विद्यापीठातून शिकलेल्या पिढ्यांच्या हाती इंग्रजी निसर्गकविता आली. तिच्यातील वसंत हा बर्फाखालून बाहेर येणाऱ्या भूमीचा वसंत आहे. दीर्घ मृत्यूनंतरचे पुनरुज्जीवन हा त्याचा गाभा आहे आणि त्या देशात तो सर्वस्वी खरा आहे. मराठी कवितेने या संस्कारातून पुष्कळ मिळविले. केशवसुतांनी निसर्गाकडे पाहण्याची नवी मोकळीक आणली. शास्त्रीय व्याकरण लिहिणारे मोरो केशव दामले हे याच केशवसुतांचे धाकटे बंधू. एका घरातून कवितेची नवी दृष्टी आणि भाषेची नवी चिकित्सा अशा दोन्ही गोष्टी बाहेर पडल्या, पण पुढील वर्णनकारांनी त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. पुनरुज्जीवनाची कल्पना मावळाच्या फाल्गुनावर लादली गेली. ज्या महिन्यात विहिरी खोल जातात, गवत जळते आणि जनावरांच्या चाऱ्याची चिंता लागते, त्या महिन्याला ‘नवजीवन’ हे विशेषण चिकटले.

५

या पार्श्वभूमीवर स्वातंत्र्योत्तर आरंभीच्या काळातील तीन ग्रंथ एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहेत. त्यांचे हेतू भिन्न, वाचकवर्ग भिन्न; परंतु १९५३ ते १९५८ या अवघ्या पाच-सहा वर्षांत ते प्रसिद्ध झाले, आणि तिघांनीही ऋतू पाहण्याचा एकेक वेगळा मार्ग घालून दिला.

पहिला ग्रंथ साहित्याचा नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फादर सांतापाऊ यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची इंग्रजीत लिहिलेली सूची १९५३ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या प्रकाशनमालेत निघाली. अशा सूचीत वनस्पतीचे लॅटिन नाव, ती आढळण्याचे स्थान आणि फुलण्या-फळण्याचा काळ यांना महत्त्व असते. ऋतू तीत नसतो, महिना असतो. उपमा नसते, झाड असते. ज्याला मावळातील वसंतवर्णनाची सत्यता तपासावयाची आहे, त्याला अशा नोंदींसारखे दुसरे साधन नाही. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तीत पाहणारा नाही, म्हणून पहिली खूणही नाही. नोंदीच्या दृष्टीने सावरीचे पहिले फूल आणि शंभरावे फूल सारखेच.

दुसरा ग्रंथ म्हणजे दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६). बारा महिन्यांवरील बारा ललित लेखांचे हे पुस्तक मराठी निसर्गलेखनात मानदंड ठरले आहे आणि ते यथार्थच आहे. त्याचा पहिला मोठा निर्णय मांडणीचा आहे. भागवतांनी सहा ऋतूंची चौकट बाजूला ठेवून बारा महिन्यांची चौकट घेतली. त्यामुळे वसंत हे एकसंध नाम फुटले. माघ वेगळा, फाल्गुन वेगळा, चैत्र वेगळा पाहावा लागला. संस्कृत साहित्याचे आणि लोकजीवनाचे ज्ञान त्यांच्यापाशी विपुल होते. पण त्या ज्ञानाने झाड झाकले जाऊ नये याची काळजी त्यांनी घेतली. ‘वसंतहृदय चैत्र’ या पहिल्या लेखाच्या शीर्षकातसुद्धा वसंत हा स्वतंत्र राजा म्हणून उभा नाही. तो चैत्राचे विशेषण होऊन आला आहे. नामाला विशेषणाच्या जागी नेण्याचा हा लहानसा व्याकरणिक फेरफार त्या पुस्तकाची सबंध दृष्टी सूचित करतो.

तरीही एक आक्षेप नोंदवावा लागेल. महिना हे परिमाण चांद्र आहे आणि झाड चंद्राकडे पाहून पालवत नाही. गुढीपाडवा २०२४ साली ९ एप्रिल रोजी आला, तर २०२६ साली १९ मार्च रोजी. म्हणजे चैत्राचा आरंभ दोन वर्षांत तीन आठवड्यांनी सरकला. पिंपळाची पालवी एका वर्षी फाल्गुनाची तर दुसऱ्या वर्षी चैत्राची ठरते. ‘चैत्रपालवी’ हा समास सुंदर आहे, परंतु पालवी नेमकी कधी फुटली हे तो सांगू शकत नाही. महिन्याचे व्यक्तिमत्त्व जितके ठसठशीत रंगवावे, तितका हा ताण वाढतो. ऋतूचे मूर्तीकरण टाळावे आणि महिन्याचे करावे, एवढ्याने प्रश्न संपूर्ण सुटत नाही; तो निम्मा सुटतो. हा निम्मा पल्लाही त्यापूर्वी कोणी गाठला नव्हता, हे मात्र मान्य करावयास हवे.

तिसरा ग्रंथ प्रत्यक्ष मावळाचा आहे. गो. नी. दांडेकर यांचे वास्तव्य तळेगाव दाभाडे येथे होते आणि हा मुलूख त्यांनी पायी पालथा घातला होता. त्यांची ‘माचीवरला बुधा’ (१९५८) ही कादंबरी मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात, टेमलाईच्या पठारावर, एकटा राहावयास आलेल्या वृद्धाची कथा आहे. येथे ऋतू हा वर्णनाचा विषय राहत नाही. तो बुधाच्या दिवसाचा भाग होतो. रान, पशू-पक्षी आणि हवा यांच्याशी त्याचा जो संबंध आहे, तो नाट्यगृहातील प्रेक्षकाचा नाही. जो शेजारी आहे त्याच्यात झालेला बदल जसा कळतो, तसा त्याला रानातला बदल कळतो. वर सांगितलेल्या चार वाक्यप्रकारांतील पहिल्या तिघांना अशा निवेदनात स्वाभाविक जागा मिळते, कारण वाक्य बोलणारा माणूस त्या जागेवर उभा असतो.

परंतु बुधा एकटा आहे, आणि हीच या कादंबरीची शक्ती असून हीच तिची सीमाही आहे. मावळातील ऋतू हा सामुदायिकही आहे. चैत्रात वेहेरगावच्या डोंगरावर एकवीरेची यात्रा भरते, कोकणातील कोळी समाज पालख्या घेऊन घाट चढून येतो. उन्हाळा लागल्याचे गावाला झाडाइतकेच या पावलांवरून कळते. एकट्याच्या रानात हा ऋतू शिरत नाही. बुधाचे पठार जितके विलोभनीय होते, तितके ते खालच्या खाचरांपासून दूर जाते.

६

ललित वर्णनांत मागे पडणारी गोष्ट म्हणून पुन्हा धुराकडे यावे लागते. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरून, वरून माती टाकून ते सर्व भाजावयाचे, याला राब म्हणतात. त्यामुळे तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते, हा त्यातला हिशेब. ऐनासारखी झाडे त्यासाठी फांद्या तोडून बोडकी केलेली दिसतात आणि पुढे त्यांच्या खोडांना धुमारे फुटतात. ही पद्धत केवळ शेतीची नव्हती, ती हक्काचीही होती. जंगलातून फांद्या तोडण्याच्या हक्कावरून एकोणिसाव्या शतकात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत जंगलखाते आणि शेतकरी यांच्यात तीव्र वाद झाला व मुंबई इलाख्याच्या जंगल आयोगाच्या १८८७ सालच्या अहवालात त्याची चर्चा झाली. म्हणजे फाल्गुनातील ज्या बोडक्या ऐनाकडे वर्णनकार पानगळ म्हणून पाहतो, त्याची पाने गळली नसून तोडली गेलेली असण्याचा संभव असतो. पानगळ आणि तोड यांतील फरक ज्या वर्णनाला दिसत नाही, ते वर्णन कितीही मधुर असले तरी त्या भूमीचे नव्हे.

राब आता कमी होत चालला आहे. त्यामुळे होणारी झाडतोड आणि धूर पाहता तो टिकावाच, असे म्हणण्याचे कारण नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘इंद्रायणी’ भात खोऱ्याखोऱ्यांत पोहोचले; रोपवाटिकेच्या पद्धती बदलल्या; २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानंतर खाचरांच्या जागी बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. शेत गेले की शेताचा शब्द फार दिवस मागे राहत नाही. राब, धुमारा, निसवणे हे शब्द जाणाऱ्यांच्या रांगेत आहेत. ‘वसंत’ मात्र पाठ्यपुस्तकात सुरक्षित आहे. शब्दांच्या या विषम आयुष्यातच प्रस्तुत प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे. पाहण्याची भाषा नष्ट होऊन केवळ गौरवाची भाषा उरली, तर पुढील पिढीला पांगारा दिसेल, पण तो माघात फुलला हे सांगण्यास वाक्य सापडणार नाही.

या कामी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना साधने उपलब्ध आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीच्या परिसरात आरंभिलेल्या कार्यातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. महिन्यांची आणि झाडांची नावे त्यांत कोणत्या क्रियापदांसह येतात, झाड चतुर्थीत येते की प्रथमेत, ऋतू कोठे प्रयोजकाचा कर्ता होतो काय, याची मोजदाद झाल्यास वर मांडलेल्या कसोटीची परीक्षा होईल. ती कसोटी त्यात टिकली नाही तर ती सोडून द्यावी. टिकली तर ऋतुवर्णनाच्या समीक्षेला अभिरुचीखेरीज दुसरा आधार मिळेल.

शालेय निबंधाचा प्रश्नही यातूनच सुटण्यासारखा आहे. ‘वसंत ऋतू’ हा विषय काढून टाकण्याची गरज नाही. ‘आपल्या गावात उकडू लागले ते कसे कळते?’ असा प्रश्न त्याखाली घातला तरी पुरे. कार्ल्याच्या विद्यार्थ्यास त्याचे उत्तर ठाऊक आहे. पांगारा, काळा उतार आणि धूर, तिन्ही त्यात आपोआप येतील.